भिंतीवरच्या कागदातली सातवी ओळ

१

फोल्डर उघडलं तेव्हा त्यात काहीच नव्हतं.

मुंगीने ते तीनदा बंद करून तीनदा उघडलं. मग डिस्क दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मान हलवून निघून गेला, तेव्हा तिने मला फोन केला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. शाळेतही ती अशीच होती. पेन्सिल हरवली की आधी दप्तर उपसायची, बाकाखाली वाकून बघायची, आणि सगळं शोधून झाल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन गप्प उभी राहायची. मिनिटभर रिकामी बसायची नाही म्हणून वर्गाने तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. आज ती बेचाळीस वर्षांची आहे, तिचं स्वतःचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे, पण माझ्या तोंडी अजून मुंगीच येतं.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "मामाचा आवाज गेला."

"तो ऑपरेशनमध्येच गेला ना गं? पाच आठवडे झाले."

"तो नाही. आम्ही साठवलेला."

तिच्या मामांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषकाचं काम केलं. गाव झोपेत असतानाही त्यांचा आवाज ओळखायचं. मग घशाचा आजार निघाला आणि आवाज जाणार हे ठरलं. मुंगीने ऑपरेशनआधी त्यांना ऑफिसात बसवून एक हजार एकशे बेचाळीस वाक्यं बोलून घेतली. त्या वाक्यांवरून यंत्राला त्यांचा आवाज शिकवायचा, म्हणजे मामा पाटीवर लिहितील ते यंत्र त्यांच्याच आवाजात बोलेल, असा बेत होता. ते शिकवण्याचं काम आज संध्याकाळी पाच वाजता, मामांच्या समोर सुरू व्हायचं होतं.

"दुसरी प्रत नाही?"

"आहे. होती. ती डिस्क रोज संध्याकाळी आरशासारखी होते. इथे जे नाही ते तिथूनही जातं. आणि बाहेर कुठे ठेवायला मामाची परवानगी नव्हती. म्हणाला, आयुष्यभर चव्हाट्यावर बोललो, हे तरी घरात राहू दे." ती थांबली. "कोणी केलं ते मला माहीत आहे, बाई. फक्त तुम्ही एकदा विचारा त्यांना. वर्गातली चोरी तुम्ही कोणाला न रडवता शोधायचात."

मी निघाले. तिचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. याआधी मी तिथे एकदाच गेले होते, उन्हाळ्यात. तिनेच बोलावलं होतं आणि तीच कुठेतरी अडकली होती. मी तासभर बसून परत आले होते. या वेळी जिन्यात एक सूचना लावलेली दिसली: 'कृपया जिन्यात थुंकू नये व वस्तू ठेवू नये ही विनंती आहे कृपया.' मी पर्समधून पेन्सिल काढली, दुसऱ्या 'कृपया'वरून एक सरळ रेघ ओढली, रेघेच्या शेवटी छोटं गोल काढलं आणि वर गेले.

दारातच मुंगी उभी होती. तिच्या मागे एक माणूस आपल्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरत होता.

"हेच ते," ती हळूच म्हणाली. "माझे दीर."

२

ऑफिसात सगळे त्यांना भाऊजीच म्हणतात. चाळिशीचा, जाडसर, पायात सतत घाई असलेला माणूस.

"या बाई," ते म्हणाले. "फाशीचा दोर आणलाय की नुसतंच निकालपत्र?"

"आधी उत्तरपत्रिका बघते," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. "काय झालं ते पहिल्यापासून सांगा. मला यातलं काही कळत नाही असं धरून सांगा. ते खरंही आहे."

त्यांनी स्टेपलर खोक्यात टाकला. "नऊ दिवसांपूर्वी डिस्क भरली. मी नव्याला सांगितलं, साफसफाई कर."

"नवा कोण?"

"आमचा एआय." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "कोड लिहितो, दुरुस्त्या करतो. आपल्या दोघांपेक्षा हुशार आहे, पण रोज सकाळी कोरा असतो. काल काय केलं, आपण कोण, मामा कोण, काही आठवत नाही. म्हणून त्याचं नाव नवा. कामाला लागण्याआधी तो सूचनांची एक फाइल वाचतो. त्यात जे लिहिलंय तेवढंच त्याचं जग."

"म्हणजे वर्गात पहिल्या दिवशी आलेलं मूल."

"मूल दुसऱ्या दिवशी थोडं तरी आठवून येतं, बाई."

"सगळी नाही येत. पुढे?"

"पुढे त्याने यादी दिली. सूचना क्रमांक चारप्रमाणे, प्रोग्राममध्ये कुठेही वापरात नसलेल्या फाइली एकोणीसशे तीन, काढू का? मी 'हो' दाबलं."

"यादी वाचलीत?"

मुंगी दारातून म्हणाली, "वाचायची कशाला? त्यांना हे काम पहिल्यापासून नकोच होतं. मशीन हळू चालतं, जागा जाते, घरचं काम घरी करा. मामासमोर बोललेत तसं."

"बोललो," भाऊजी म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवसापासून मामांना घरून आणायला गाडी घेऊन मीच जात होतो. तेही सांगा ना, वहिनी."

"मी भाऊजींना विचारतेय," मी म्हटलं. ती एक पाऊल मागे सरकली. माझ्या आवाजात अजून थोडा वर्ग शिल्लक आहे. "एकोणीसशे फाइली काढताना तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नाही वाटली." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "कारण मामांच्या फोल्डरला कुंपण होतं. वहिनींनीच सूचनांमध्ये लिहिलं होतं, याला हात लावायचा नाही. मी स्वतः वाचलं होतं, भिंतीवर. ते नसतं ना बाई, तर मी एकोणीसशे ओळी बोट ठेवून वाचल्या असत्या."

चोरी करणारं मूल कुंपणाचा उल्लेख टाळतं. हा माणूस कुंपणावर विसंबून झोपला होता. ती चूकच होती, पण वेगळ्या जातीची.

"तो कागद दाखवा मला," मी म्हटलं.

३

कागद दाराजवळ, पाहुण्यांच्या खुर्चीच्या वर लावलेला होता. खुर्चीत बसलं की नाकासमोर यायचा. मथळा: 'कामाच्या सूचना'.

"पद्धत तुमचीच आहे, बाई," मुंगी म्हणाली. "फळ्याशेजारी तुम्ही वर्गाचे नियम लावायचात ना, एका पानात मावतील तेवढेच? नवा वाचतो त्या सूचनांच्या फाइलीसाठी मी तेच सुरू केलं. कॉम्प्युटरवर परस्पर बदल करायचा नाही. आधी या कागदावर पेन्सिलीने करायचा. सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेला की मग कोणीतरी तो फाइलीत उतरवतं आणि नवा कागद छापून लावतं. बाकीचे लोक फाइली वाढवत नेतात, वीस-वीस पानं. मग एआयचाही गोंधळ उडतो. आमची एक पानाची आहे."

मला बरं वाटलं. ते आता कबूल करायला जड जातंय, पण त्या क्षणी वाटलं. चौतीस वर्षं फळ्याशेजारी लावलेला कागद कुठेतरी उपयोगी पडला म्हणून.

मी मोठ्याने वाचू लागले. पहिली ओळ, फाइलींना नावं कशी द्यावीत. दुसरी, कोणतीही दुरुस्ती तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये. तिसरी, मग चौथी, वापरात नसलेल्या फाइली ठेवू नयेत. पाचवी, सहावी, सातवी: टिपणं साध्या भाषेत लिहावीत. आठ, नऊ, दहा.

"थांबा," मुंगी म्हणाली. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. दहा ओळी होत्या.

"मी अकरा लिहिल्या होत्या," ती म्हणाली. "सातवी मामाची होती."

भाऊजी खोकं सोडून आले. तिघंही त्या कागदासमोर उभे राहिलो. रोज त्याच्यासमोरून आत-बाहेर करणाऱ्या माणसांना अकरा आठवडे कळलं नव्हतं की तो आखूड झालाय.

"म्हणजे नव्याला कुंपण दिसलंच नाही," भाऊजी हळू म्हणाले. "चौथी ओळ वाचली आणि साफ केलं. त्यानं काय वाईट केलं?"

"कोणी काढली?" मुंगीचा आवाज बारीक झाला. तिने कॉम्प्युटर उघडला. त्या फाइलीत कधी, कोणी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते म्हणे. तिने ती शोधली, वाचली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

अकरा आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, सकाळी दहा. सातवी ओळ वगळली. पुढे नाव होतं, आणि ते भाऊजींचं नव्हतं.

आतल्या खोलीत जी बाई सहा आठवडे रोज मामांच्या समोर बसून त्यांचा शब्द न् शब्द टिपत होती, तिचं होतं.

४

तिला सगळे कानवाली म्हणतात. ध्वनिमुद्रणाचं काम तिचं. पन्नाशीला आलेली, हळू बोलणारी, गळ्यात हेडफोन अडकवलेली. आतली खोली आवाज न घुमण्यासाठी चारही बाजूंनी जाड स्पंजने मढवलेली आहे. तिथे आपलाच श्वास ऐकू येतो.

"हो, मीच उतरवलं," ती म्हणाली. "कागदावर होतं तसं."

"का उतरवलंस?" मुंगी म्हणाली. "मामा तुला एकेक वाक्य चारचारदा घ्यायला लावायचा, म्हणून?"

कानवालीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. "ताई, चारचारदा मीच घ्यायला लावायचे. ते दमले तरी म्हणायचे, घे अजून एकदा, प्रवासी बहिरे असतात."

मुंगीने मान खाली घातली.

"सातवी ओळ खोडलेली होती कागदावर?" मी विचारलं.

"हो. मला वाटलं ताईंनीच खोडली."

"असं का वाटलं?"

"खोडायच्या पद्धतीवरून. आम्ही सगळे गिचमिड करतो. ताई एकच सरळ रेघ ओढतात आणि शेवटी छोटं गोल काढतात. खालचं वाचता येतं."

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. ती पद्धत वर्गात मीच लावलेली. चूक लपवायची नाही, काय खोडलं ते वाचता आलं पाहिजे, म्हणजे पुन्हा होत नाही, असं मी सांगायचे. किती मुलांच्या वह्यांत ती छोटी गोलं असतील देव जाणे.

"मी नाही खोडली," मुंगी म्हणाली. "बाई, शपथेवर. सोमवारी दुपारी कागद लावला आणि तशीच मामाला घेऊन इस्पितळात गेले. तपासण्या होत्या. शुक्रवारपर्यंत मी इथे पाऊलच टाकलं नाही."

"मग मी उतरवायच्या आधी फोन करायला हवा होता," कानवाली म्हणाली. "पण तिथे त्या कसल्या धावपळीत होत्या. म्हटलं, ताईंनी जाण्याआधीच बदल केला असेल, ही ओळ दुसरीकडे कुठे नीट बसवली असेल. कागदावर आलेलं उतरवायचं, हीच तर पद्धत आहे आपली."

"तो जुना कागद आहे का गं?"

"असेल. पाठकोरे कागद मी टिपणांना घेते. मामांच्या पहिल्या आठवड्याची टिपणं त्यावरच असतील." ती कपाटाकडे गेली. कपाटात टिपणांचे गठ्ठे खालपासून वरपर्यंत रचलेले होते.

"रेघेची नक्कल कोणीही करेल," मुंगी माझ्या कानाशी म्हणाली. "भाऊजी रोज बघतात माझे कागद."

भाऊजींनी ते ऐकलं. बाहेर जाऊन त्यांनी खोक्याला चिकटपट्टी लावायला सुरुवात केली. तिचा करकर आवाज आत येत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. पाच वाजता मुंगी मामांना एक नाव सांगणार होती, आणि ते नाव त्या घरातून कायमचं उठणार होतं.

५

मी बाहेर येऊन पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. तिथे बसलं की विचार करायला बरं पडतं, समोर वाचायला काहीतरी असतं.

"भाऊजी, ती पट्टी जरा थांबवा," मी म्हटलं. "मुंगी, तू पण बस. आपण गणित मांडू. खोडणाऱ्याच्या मनात काय असेल?"

"वाईटपणा," मुंगी म्हणाली.

"बघू. सोमवारी कागद लागला तेव्हा मामांची किती वाक्यं झाली होती?"

"त्याच दिवशी सुरुवात केली होती. दहा-बारा असतील."

"म्हणजे नासवायला तिथे काही नव्हतंच. आज ओळ खोडायची, मग डिस्क कधी भरेल, कोण साफ करायला सांगेल, याची दहा आठवडे वाट बघायची. इतका धीर वाईट माणसाला नसतो. आणि वाईट माणूस वाचता येईल अशी खोडत नाही."

भाऊजी खोक्यावरच बसले.

"म्हणजे खोडणाऱ्याला ती ओळ फक्त जास्तीची वाटली," मी पुढे म्हणाले. "आता सांगा, ती जास्तीची कोणाला वाटेल? तुम्हा तिघांना माहीत आहे की हा कागद नव्यासाठी आहे, आणि नवा रोज सकाळी कोरा असतो. मामा कोण, त्यांचा आवाज काय मोलाचा, हे त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाही. तुमच्यापैकी कोणीही दुसरी कुठलीही ओळ खोडली असती, ती नसती खोडली."

"मग?"

"ज्याला वाटलं की ही माणसांसाठी लावलेली सूचना आहे, त्याने खोडली. या ऑफिसातल्या माणसांसाठी. आणि माणसांना हे काय सांगायचं? कोणाच्या आजारी मामाच्या ठेवीला हात लावू नये, हे कळत नाही असं कोण असतं?" बोलता बोलता माझा आवाज मलाच ओळखीचा वाटू लागला होता. वाक्यही. "म्हणजे बाहेरचं माणूस. सोमवार दुपार ते गुरुवार सकाळ या वेळात आलेलं. या खुर्चीत बराच वेळ रिकामं बसलेलं. जवळ पेन्सिल असलेलं. आणि भिंतीवर लिहिलेलं काही दिसलं की ज्याचा हात..."

मी तिथेच थांबले.

"सोमवारी कोणी आलं नव्हतं," भाऊजी आठवत म्हणाले. "मंगळवारी पाण्याच्या बाटल्या देणारा. बुधवारी..."

ते माझ्याकडे पाहू लागले. त्या बुधवारी त्यांनीच मला पाण्याचा ग्लास आणून दिला होता, वहिनी इस्पितळात अडकल्यात, येतीलच म्हणाले होते, आणि आत कामाला निघून गेले होते. मी तासभर बसले होते. या खुर्चीत.

माझा हात पर्सवर होता. आत पेन्सिल लागत होती.

कानवाली आतून आली. तिच्या हातात एक कागद होता. एका बाजूला तिच्या अक्षरात वाक्यांचे क्रमांक आणि 'पुन्हा घेणे', 'खोकला आला', 'उत्तम' अशी टिपणं. तिने तो उलटा करून माझ्यापुढे धरला.

अकरा ओळी होत्या. तिसऱ्या ओळीतला एक शब्द बदललेला, नवव्या ओळीत एक स्वल्पविराम घातलेला. आणि सातवी ओळ, मुंगीने लिहिलेली: 'मामांच्या आवाजाच्या फोल्डरला हात लावू नये. त्यातल्या फाइली कुठेही वापरात दिसणार नाहीत, पण त्या पुन्हा मिळणार नाहीत.' तिच्यावरून एक सरळ रेघ. शेवटी छोटं गोल. समासात, आयुष्यभर वह्यांच्या समासात लिहिलं त्याच अक्षरात, एक शेरा:

'हे सांगायला नको. सर्वांना माहीत आहे.'

६

मी तो कागद तिच्या हातातून घेतला. मग तिघंही एकदम बोलायला लागले.

"बाई, यादी मी वाचायला हवी होती," भाऊजी म्हणाले.

"मी फोन करायला हवा होता," कानवाली म्हणाली.

"तुम्हाला बोलावून मीच गेले नाही," मुंगी म्हणाली. "आणि बदल करणाऱ्याने खाली नाव लिहायचं, हा साधा नियम मी केला नाही. बाई, हे राहू दे. मामाला सांगू मशीन बिघडलं. कोणाचंच नाव नको."

"मघाशी एक नाव सांगणार होतीस ना? चारच मिनिटांत नावाची गरज संपली?"

ती भाऊजींकडे वळली. तिने खोक्याची चिकटपट्टी टरकन ओढून काढली, आतला स्टेपलर उचलला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तो तुमचाच आहे. चोरून नेत होतो." आणि दोघंही हसायच्या बेतात असताना जिन्यात पावलं वाजली.

मामा अंगात धुतलेला शर्ट घालून आले होते. गळ्याभोवती रुमाल, हातात लहान पांढरी पाटी आणि बोरूसारखं जाड पेन. मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली आणि समोर उभी राहिले. चूक झाली की वर्गात मुलं उभी राहतात तशी.

मी त्यांना सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, लांबवलंही नाही. खोडलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला. समासातला शेरा वाचताना त्यांचे ओठ हलले. बोलायची सवय होती ती.

मग त्यांनी पाटीवर लिहिलं: 'किती?'

"एक हजार एकशे बेचाळीस."

त्यांनी पाटी मनगटाने पुसली. पुन्हा लिहिलं: 'नातीचं नाव होतं. सहाशेच्या पुढे कुठेतरी.' आणि तेही पुसलं.

कानवाली पुढे झाली. "मामा, एक राहिलंय. पहिल्या दिवशी माइक तपासताना घेतलेलं. ते तपासणीच्या प्रोग्राममध्ये वापरलं होतं, त्यामुळे वापरात होतं, म्हणून वाचलं." तिने कळ दाबली.

खोलीत तो आवाज आला. मोठा, स्वच्छ, जराही घाई नसलेला.

"गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत. कोणाचं माणूस मागे राहिलं असेल, तर हाक मारून घ्या."

नेमून दिलेल्या मजकुरात ते दुसरं वाक्य नव्हतं. ते मामा स्वतःहून जोडायचे, एकतीस वर्षं. मीही कितीदा ऐकलं असेल, सहलीची मुलं मोजत त्या स्थानकावर उभी असताना.

मामांनी ते दोनदा ऐकलं. मग माझ्याकडे बघून बराच वेळ लिहीत राहिले. पाटीवर होतं: 'नोकरीला लागलो तेव्हा सांगायचो, फलाट तीन, पाण्याच्या टाकीशेजारी. परगावचा माणूस यायचा, विचारायचा, टाकी कुठे?'

पुसून खाली लिहिलं: 'पाच वर्षं कळलं नव्हतं मला.'

'असू दे' असं त्यांनी लिहिलं नाही. मी वाट पाहिली. मग भाऊजी गाडीची किल्ली घेऊन उठले आणि मामा त्यांच्याबरोबर खाली गेले.

त्या संध्याकाळी मुंगीने मला नवा कागद आणि पेन्सिल दिली. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला मी कधी 'तुला माहीतच आहे' म्हटलं नव्हतं. पाण्याचं भांडं कुठे, घंटा झाली की काय करायचं, रडू आलं तर कोणाकडे जायचं, सगळं एकेक करून सांगायचे. मग त्या बुधवारी माझ्या हाताला कसली घाई झाली होती, ते मला अजून सांगता येत नाही.

मी सातवी ओळ पुन्हा लिहिली. खाली कारण लिहिलं: 'हा आवाज ज्यांचा आहे त्यांना आता बोलता येत नाही. ही फाइल गेली तर परत येणार नाही.' त्याखाली माझं नाव आणि तारीख. कानवालीने ते एकुलतं एक वाक्य मामांच्या फोल्डरमध्ये आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा नवा कामाला लागला होता. कोरा, हुशार, नम्र. सूचना वाचून त्याने पडद्यावर लिहिलं होतं: 'सातव्या सूचनेतल्या फोल्डरमध्ये एकच फाइल आहे आणि ती तपासणीच्या प्रोग्राममध्येही आहे. सूचना आखूड करण्यासाठी ही ओळ काढता येईल. काढू का?'

भाऊजींनी ते वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, पडद्यावर बोट ठेवून, मोठ्याने. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलले नाही. सांगण्याची पाळी माझी नव्हती.

त्यांनी लिहिलं, 'नाही.' थोडं थांबले, आणि पुढे कारण लिहायला लागले.